नकाशा मेंदूच्या बुंध्याचा, गरज बदनापूरची

मेंदूतल्या कुठल्याशा पेशींचे धागे कुठून कुठे जातात, हे उंदराच्या डोक्यात शोधत बसणाऱ्यांना सरकारने पैसे द्यावेत तरी कशासाठी? हा प्रश्न अलीकडे फार ऐकू येतो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कृषी प्रदर्शनाच्या मांडवात, व्याख्यानानंतरच्या चहापाण्यात तो हमखास निघतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते, त्याने निकाल आधीच लावलेला असतो. गावातली एखादी मुलगी चेताविज्ञानात पुढे शिकायचे म्हणाली की तिलाही हेच ऐकवतात: एवढी हुशार आहेस तर डॉक्टर हो, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे, चार लोकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी कर.

हे मत आधी पुरते मांडून घेतो. एक, हे काम उंदरांवरचे आहे, माणसाशी त्याचा संबंध नाही. दोन, ज्या बदनापूर तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयातून व्हेंटिलेटरसाठी रुग्णाला जालन्याला नाहीतर संभाजीनगरला घाटी रुग्णालयात हलवावे लागते, तिथल्या लोकांना असल्या संशोधनाची चैन परवडत नाही. तीन, औषधे हाताशी आहेतच. ती वेळेवर पोहोचवा, नवे शोधत बसू नका. चार, नकाशा म्हणजे इलाज नव्हे. पाच, करायचेच असेल तर ते पुण्या-मुंबईने किंवा अमेरिकेने करावे. बदनापूरने आपली तूर आणि मोसंबी सांभाळावी.

या पाचही गोष्टी मला चुकीच्या वाटतात, आणि बदनापुरात उभे राहून पाहिले तर त्या सर्वात जास्त चुकीच्या दिसतात.

आधी या पेशी कोणत्या ते सांगायला हवे, कारण त्यांच्या अभ्यासाला नावे ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते कधी विचारलेले नसते. मेंदू जिथे निमुळता होत पाठीच्या कण्याकडे उतरतो तो भाग म्हणजे ब्रेनस्टेम, मेंदूचा बुंधा. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, हृदयाची गती, जागेपण यांचा कारभार तिथून चालतो. त्याच्या वरच्या भागात, दोन्ही बाजूंना, पेशींचे दोन लहान पुंजके आहेत. एकाला पेडंक्युलोपॉन्टाइन आणि दुसऱ्याला लॅटरोडॉर्सल टेगमेंटल म्हणतात. अभ्यासक त्यांना पीपीएन आणि एलडीटी म्हणून ओळखतात. तिथल्या कोलीनर्जिक पेशी ॲसिटिलकोलीन हे रसायन तयार करतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि या पेशी हजारांत मोजता येतात. तरीही त्यांचे तंतू वर थॅलॅमसपर्यंत, डोपामिनच्या पेशींपर्यंत, हालचाल ठरवणाऱ्या केंद्रांपर्यंत आणि खाली बुंध्याच्या तळापर्यंत पोहोचतात. झोपेतून जागे होणे, स्वप्नाची झोप लागणे, पाऊल उचलणे, समोर काही हलले की मान वळवणे, या साऱ्यांत त्यांचा हात आहे.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी मेंदूच्या बुंध्याला विद्युत उत्तेजन दिले की झोपाळलेला मेंदू जागा होतो हे दाखवले. पुढच्या दशकात मिशेल झुव्हे यांनी स्वप्नाच्या झोपेचा उगम मांजराच्या मेंदूच्या याच भागापर्यंत नेला. १९६७ मध्ये केंब्रिजच्या शूट आणि लुईस यांनी बुंध्यातून वर जाणारे कोलीनर्जिक मार्ग रेखाटले. १९८३ मध्ये मेसुलम यांनी मेंदूतल्या कोलीनर्जिक पुंजक्यांना क्रमांक दिले. त्यात पीपीएन पाचवा आणि एलडीटी सहावा. आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातील हुआन मेना-सेगोव्हिया यांच्या गटाने या पेशींकडे संपूर्ण मेंदूतून कुठून कुठून निरोप येतात, याचा नकाशा प्रसिद्ध केला.

आता बदनापूरच्या शिवारात या. नोव्हेंबर महिना आहे, तूर फुलोऱ्यात आहे आणि शेंगा पोखरणारी अळी पडली आहे. तूर छातीला लागते, काही ठिकाणी डोक्याच्या वर जाते. फवारणाऱ्याच्या पाठीवर पंप असतो, नोझल त्याच्या तोंडाच्या उंचीला असते आणि तो आपणच मारलेल्या तुषारांत शिरत पुढे जातो. तोंडाला रुमाल बांधलेला असतो, तोही ओला झालेला. पाठीवर पंपाच्या झाकणातून गळलेल्या द्रावणाने सदरा चिकटलेला असतो. पंपात क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस किंवा क्विनालफॉस असेल तर ते ऑर्गनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक आहे. ते काय करते? चेतापेशीतून निघालेले ॲसिटिलकोलीन पुढच्या पेशीला निरोप देते आणि लगेच ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे एन्झाइम त्याचे तुकडे करते, निरोप तिथे संपतो. ऑर्गनोफॉस्फेट या एन्झाइमला जाऊन चिकटते आणि त्याला निकामी करते. निरोप संपतच नाही. अळी याच कारणाने मरते, आणि माणूसही याच कारणाने मरतो.

म्हणजे ज्या रसायनावर या पेशींचा सगळा व्यवहार चालतो, त्याच रसायनात ढवळाढवळ करणारे विष आमच्या तालुक्यातला शेतमजूर दर हंगामात पाठीवर घेऊन फिरतो. बॉस्टनच्या किंवा लंडनच्या माणसाला या पेशींची गरज म्हातारपणी, आजारपणी कळते. आमच्या माणसाला ती तिशीतच, धुऱ्यावर उभे असताना कळू शकते. असे असताना हा विषय आमचा नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा उंदराचा. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एकाच्या व्हेगस चेतेला उत्तेजन देऊन त्याची गती मंद केली आणि त्याच्याभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले, तेही मंदावले. चेता रसायनातून बोलते हे त्या बेडकाने जगाला दाखवले, ते रसायन ॲसिटिलकोलीन निघाले आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी आणि हेन्री डेल यांना मिळाले. ते रसायन तोडणारे एन्झाइम विद्युत मासळीच्या शरीरात विपुल असते हे डेव्हिड नाखमानसोन यांनी शोधले आणि वर्षानुवर्षे त्या मासळीवर काम केले. त्यांचेच सहकारी आयर्विन विल्सन यांनी त्या एन्झाइमला चिकटलेले विष सोडवणारा रेणू १९५५ च्या सुमारास शोधला. त्याचे नाव प्रालिडॉक्सिम. आज आपल्याकडे ज्याला सगळे 'पाम' म्हणतात आणि विषबाधेच्या रुग्णाचे नातेवाईक ज्याच्या बाटल्यांसाठी रात्री मेडिकल शोधत फिरतात, ते हेच. त्या मासळीचा आमच्या शेतकऱ्याशी काय संबंध, असे कुणी त्या काळी विचारून तो अभ्यास बंद पाडला असता तर?

या पेशींचा पहिला नकाशाही असाच आला. १९४९ मध्ये जॉर्ज कोएल यांनी हे एन्झाइम जिथे आहे तिथे रंग उमटवणारी पद्धत काढली. शूट आणि लुईस यांचे मार्ग त्याच रंगाच्या आधाराने रेखाटलेले आहेत. ज्या एन्झाइमला कीटकनाशक बंद पाडते, त्याच एन्झाइमच्या खुणेवरून या पेशींचे पहिले मार्ग सापडले. विषबाधेचा अभ्यास आणि मेंदूचा नकाशा या दोन गोष्टी वेगळ्या कधी नव्हत्याच. त्यांना वेगळे आपण पाडले.

आणि आताची पद्धत? ती तर खेड्यातल्या माणसाला चटकन समजेल, कारण तिच्यात रेबीजचा विषाणू आहे. पिसाळलेले कुत्रे चावले की विषाणू चेतातंतूतून उलटा मेंदूकडे चढतो आणि एका पेशीतून तिच्याशी जोडलेल्या मागच्या पेशीत शिरतो. २००७ मध्ये विकरशॅम, कॅलावे आणि सहकाऱ्यांनी त्या विषाणूतून पुढे उडी मारायला लागणारे जनुक काढून टाकले आणि त्याच्यात चकाकणारे प्रथिन घातले. ज्या पेशींचा अभ्यास करायचा त्यांनाच ते हरवलेले जनुक वेगळे पुरवायचे. मग विषाणू त्या पेशींतून एकच पायरी मागे जातो आणि तिथे अडकून चमकतो. नंतर मेंदूचे कागदापेक्षा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. रटगर्सच्या गटाने उंदरांवर हे केले, तेव्हा हालचालींशी निगडित भागांतून पीपीएनकडे आणि भावनांशी निगडित भागांतून एलडीटीकडे जास्त निरोप येतात हे दिसले. आणि दोघांकडेही नजर वळवणाऱ्या केंद्रातून मोठी रहदारी आहे हे दिसले. उंदरात दिसलेले माणसात तपासावे लागते, हे कुणीही नाकारत नाही. पण तपासायचे काय, हे उंदरानेच आधी दाखवलेले असते. मेंदूचा बुंधा हा प्राणिसृष्टीतला जुना भाग आहे. श्वास आणि झोप उंदरालाही आहे, माणसालाही आहे.

दुसरा मुद्दा चैनीचा. हा सगळ्यात भावनिक, म्हणून सगळ्यात टाळ्या घेणारा. ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर नाही आणि तुम्ही पेशी मोजता? मी उलट विचारतो: पेशी मोजणे थांबवल्याने वाचलेला रुपया ग्रामीण रुग्णालयाच्या दारात आल्याचा एक तरी दाखला आहे का? २०२०-२१ मध्ये आपल्या देशाने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच खर्च केला, तोही सगळ्या शाखा मिळून. त्यात मेंदूच्या बुंध्याचा वाटा किती असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. व्हेंटिलेटर न मिळण्याचे कारण तिथे नाही. ते जिथे आहे तिथे बोट दाखवायला हिंमत लागते. शास्त्रज्ञाकडे बोट दाखवायला लागत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. श्रीमंत देशांनी अत्यंत विषारी ऑर्गनोफॉस्फेटे केव्हाच हद्दपार केली. त्यामुळे तिथल्या रुग्णालयांत असे रुग्ण क्वचितच येतात. जो आजार आपल्या वॉर्डात दिसत नाही, त्याच्यावर तिथला शास्त्रज्ञ आयुष्य कशाला घालवील? आपल्याकडे मात्र २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली आणि सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांवर तिथे काही काळ बंदी घालावी लागली. मोनोक्रोटोफॉसवरच्या देशव्यापी बंदीचा आदेश २०२३ मध्ये निघाला. रुग्ण आमच्याकडे आहेत, प्रश्न आमच्याकडे आहे. मग शोध दुसऱ्याने लावावा ही अपेक्षा कशाच्या जोरावर? गरिबाला संशोधन परवडत नाही म्हणणारे एक विसरतात: संशोधन न झाल्याची किंमत गरीबच मोजतो.

तिसरा मुद्दा, औषधे आहेतच. आहेत काय? ॲट्रोपिन आहे, खरे आहे. ते घाम, लाळ, फुफ्फुसात साचणारा स्राव आणि मंदावलेले हृदय यांना आवरते आणि त्याने हजारो जीव वाचले आहेत. पण ॲसिटिलकोलीनचे दरवाजे दोन जातीचे असतात आणि ॲट्रोपिन त्यातल्या एकाच जातीला कुलूप घालते. स्नायूंवरचे दरवाजे उघडेच राहतात. म्हणून रुग्ण सुधारला असे वाटत असताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येत नाही, पापण्या जड होतात, आणि मग श्वास उथळ होत जातो. १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालिड्डे यांनी ही अवस्था पहिल्यांदा नीट नोंदवली, ती विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत येते. आजही तिच्यावर व्हेंटिलेटरखेरीज खात्रीचा उपाय नाही. दुसरीकडे ॲट्रोपिन जास्त झाले की रुग्ण बरळतो, चादर चिवडतो, हवेतल्या नसलेल्या वस्तू पकडू पाहतो. धोत्र्याचे बी पोटात गेलेल्या माणसासारखेच, कारण ॲट्रोपिन धोत्र्यातही असते. मेंदूतले कोलीनर्जिक निरोप तोडले की काय होते ते डोळ्यांसमोर दिसते. ॲट्रोपिन शरीरभर पसरते, आणि कुठल्या वाटेवर किती हवे ते अजून आपल्या हातात नाही.

आणि 'पाम'चे काय? इथे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे काम झाले आहे. बारामतीच्या गिरिराज रुग्णालयात कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि ती २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. सलाईनमधून सलग मोठी मात्रा दिलेल्या १०० रुग्णांपैकी एक दगावला. तुकड्यातुकड्याने मात्रा दिलेल्या १०० पैकी आठ. जगभर या निकालाची चर्चा झाली. तीनच वर्षांनी, २००९ मध्ये, श्रीलंकेत २३५ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत 'पाम'चा फायदा दिसला नाही. दोन्ही कामे प्रामाणिक. मग खरे काय? कीटकनाशक कोणते, रुग्ण किती तासांनी आला, मात्रा किती, यावर ते अवलंबून असावे, आणि शिवाय हे औषध रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही. श्वासाची लय जिथे जन्मते तो पेशींचा गट मेंदूच्या बुंध्यात तळाशी आहे. १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी तो उंदरात दाखवला. डायक्लोरव्हॉसची विषबाधा केलेल्या उंदरांत श्वासाची ही मध्यवर्ती लयच आधी बंद पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तिथपर्यंत जे औषध पोहोचत नाही, ते पुरेसे आहे असे म्हणणे ही रुग्णाची फसवणूक आहे. औषधे आहेतच, हे वाक्य वॉर्डात रात्र न काढलेल्या माणसाचे आहे.

जे वाचतात त्यांचेही सगळे सुरळीत होत नाही. विषबाधेनंतर स्मरण, एकाग्रता, झोप आणि मनःस्थितीच्या तक्रारी दीर्घकाळ राहू शकतात, हे नोंदलेले आहे. घरी परतलेला माणूस रात्री नीट झोपत नाही, चिडतो, कामावर लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाला. झोप आणि लक्ष ही ज्या पेशींची कामे, त्या पेशींकडे आपण पाहिलेच नाही तर त्या माणसावरचा हा आळ दूर कोण करणार?

चौथा मुद्दा, नकाशा म्हणजे इलाज नव्हे. मोसंबीच्या बागेत एका ओळीला पाणी जास्त होत असेल तर शहाणा शेतकरी विहिरीवरची मोटार बंद करून अख्खी बाग वाळवत नाही. कोणती नळी कोणत्या व्हॉल्व्हवरून आली ते त्याला ठाऊक असते. वैद्यकात हा फरक जीवनमरणाचा आहे. एकाच रात्री एका आरोग्य केंद्रात दोन रुग्ण येतात असे धरा. एक फवारून आलेला, दुसऱ्याला लाल विंचू चावलेला. दोघेही घामाने थबथबलेले, दोघांनाही उलट्या, दोघांच्याही तोंडात लाळ. विंचवाच्या विषानेही आधी ॲसिटिलकोलीनचाच लोंढा सुटतो. पण पहिल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि त्याला ॲट्रोपिन लागते, भरपूर लागते. दुसऱ्यात मागोमाग ॲड्रिनलिनची लाट येते, हातपाय गार पडतात, हृदय थकते, फुफ्फुसात पाणी भरते. त्याला ॲट्रोपिन दिले तर धडधड आणखी वाढण्याचा धोका, आणि वाचवते ते प्राझोसिन.

हे आपल्याला कुणी शिकवले? आमच्याच जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. कोकणात, महाड परिसरात काम करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपले, ते 'लॅन्सेट'मध्ये मांडले आणि प्राझोसिनचा उपचार रूढ केला. गंभीर विंचूदंशातले तीस-चाळीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव घेऊन काही जण म्हणतात, बघा, प्रयोगशाळा नको, निष्ठा पुरे. हा त्यांच्या कामाचा चुकीचा अर्थ आहे. प्राझोसिन ॲड्रिनलिनच्या ज्या अल्फा ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या दरवाजांना, अडवते, ते असतात हे रेमंड आलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये प्राण्यांच्या अवयवांवर प्रयोग करून मांडले होते. तेव्हा त्याला कुणी फारसे मानलेही नाही. निष्ठावान डॉक्टरच्या हातात तो नकाशा होता, म्हणून निष्ठा कामी आली.

पार्किन्सनचे उदाहरण याहून थेट आहे. या आजारात हात थरथरतात त्यावर लेव्होडोपा हे औषध चालते. पण पुढे पुढे रुग्णाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारात थबकतात, वळताना तोल जातो, आणि तिथे लेव्होडोपाचा फारसा उपयोग होत नाही. पार्किन्सनमध्ये पीपीएनच्या कोलीनर्जिक पेशीही मरतात, हे १९८७ मध्ये दाखवले गेले. २००५ पासून शल्यचिकित्सकांनी तिथे तारा घालून उत्तेजन देऊन पाहिले. काही रुग्णांना फरक पडला, काहींना नाही. विरोधक या अपयशाकडे बोट दाखवतील. मी म्हणतो, त्याचे कारण पाहा: त्या जागेच्या सीमा धूसर आहेत, आणि तिथे कोलीनर्जिक पेशींत ग्लुटामेट व गाबा या दुसऱ्या रसायनांच्या पेशी मिसळलेल्या आहेत. तार नेमकी कुणाला जागे करते आहे हेच ठाऊक नाही. हे अपयश नकाशा अपुरा असल्याचे आहे. दुसरीकडे २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये १३० पार्किन्सन रुग्णांना रिव्हास्टिग्मिन देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे पडणे कमी झाले. रिव्हास्टिग्मिन काय करते? ॲसिटिलकोलिनएस्टरेजला आवरते. शेतातले विष ज्या एन्झाइमला बंद पाडते, त्यालाच हे मोजून-मापून, तात्पुरते थोपवते. एकच एन्झाइम, एका हाताने मारणारे, दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या माणसाला पायावर उभे करणारे. यातला भेद कळायला नकाशाशिवाय दुसरी वाट कोणती?

राहिला पाचवा मुद्दा, आणि तोच मला सर्वात बोचतो. बदनापूरने यात पडू नये. का पडू नये? याच बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने देशाला तुरीचे वाण दिले. बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, २०१२ मध्ये आलेला बीडीएन ७११, तांबडा बीडीएन ७१६. ही नावे मराठवाड्याबाहेरच्या शेतकऱ्यालाही पाठ आहेत. बीएसएमआर मालिका वांझ रोगाला तोंड देण्यासाठी निघाली. हा रोग १९३१ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, डोळ्यांना न दिसणारी कोळी त्याचा प्रसार करते हे पुढे कळले, पण त्यामागचा विषाणू हाती लागायला विसावे शतक संपावे लागले. तोवर बदनापूरच्या पैदासकारांनी हातावर हात ठेवले नाहीत. त्यांनी रोगट प्लॉटमध्ये टिकणारी झाडे निवडून वाण काढले. आणि वाण आले म्हणून विषाणूचा शोध घेणाऱ्यांना कुणी घरी जायला सांगितले नाही. आजचा उपाय आणि उद्याचे ज्ञान दोन्ही एकाच वेळी चालतात, हे आमच्या तालुक्याने शेतात करून दाखवले आहे. मेंदूच्या बाबतीत मात्र यातले एकच निवडा, असा हट्ट का? एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. दुसऱ्या वर्षी पैदासकाराकडे जाऊन पोती किती झाली, असे कुणी विचारते का?

देशाला हे जमणार नाही, असेही म्हणू नका. आयआयटी मद्रासने डिसेंबर २०२४ मध्ये 'धरणी' हा मानवी गर्भाच्या मेंदूचा पेशी-पेशी दिसतील इतका बारीक नकाशा जगासमोर ठेवला, ५,१३२ कापांचा. आणि बदनापूर तालुक्यात आता काय नाही? तुरीचे संशोधन केंद्र आहे, कृषी महाविद्यालय आहे, वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. कीटकनाशक कोणते, किती, कधी मारले हे सांगू शकणारी माणसे आणि माणसाच्या शरीराचे काय झाले हे तपासू शकणारी माणसे एकाच तालुक्यात बसतात. हंगामाच्या आधी आणि नंतर फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तातले कोलिनएस्टरेज मोजणे हे अवघड काम नाही. विषबाधेतून वाचलेल्यांची झोप, चाल आणि स्मरण वर्षभर तपासणे हेही अवघड नाही. प्रयोगशाळेतल्या नकाशाला जे माणसाचे टोक लागते, ते इथे आहे. ही नोंद रटगर्सला बसून करता येणार नाही. ती बदनापूरलाच करता येईल.

म्हणून चेताविज्ञान शिकू पाहणाऱ्या आमच्या मुलीला कुणी उपयोगाचा प्रश्न विचारला, तर तिने खाली मान घालू नये. तिने विचारावे: शेतात मरणाऱ्या माणसाचा श्वास मेंदूच्या कोणत्या पेशींपाशी तुटतो, हे शोधण्यापेक्षा उपयोगाचे काम तुम्ही कोणते करता? सरकारने व्हेंटिलेटर द्यावेत. मागून नाही मिळाले तर भांडून घेऊ. घातक कीटकनाशके बाजारातून जावीत, त्यासाठीही भांडू. पण व्हेंटिलेटर मागायला ज्ञानावर पाणी सोडावे लागते, हा सौदा आम्ही मानणार नाही. जे विष मेंदूच्या बुंध्यावर घाव घालते ते ज्या मजुराच्या पाठीवर आहे, त्या बुंध्याच्या ज्ञानावर पहिला हक्क त्याचा आहे. तो नकाशा पुरा झालाच पाहिजे, आणि त्यात बदनापूरचा हात असलाच पाहिजे.